मणिबेली ते वॉशिंग्टन

आधीच सांगून टाकते, माझं मराठी पुस्तकी नाही. बालवाडीपासून कॉन्व्हेंट, घरी अहिराणी, गल्लीत अर्धी गुजराती आणि गेली तीन वर्षं नुसतं स्ट्रेस-स्ट्रेन. संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली, "मराठी विभागाला सगळ्या कविता आल्यात गं, तू काहीतरी माहितीचं दे." म्हणून हा लेख. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिच्या नावावर.

तर झालं असं, की थर्ड इयरच्या सेमिनारला विषय चिठ्ठ्या टाकून वाटले आणि माझ्या वाट्याला आलं 'ग्लोबल गव्हर्नन्स अँड सस्टेनॅबिलिटी'. शेजारणीला 'प्रीकास्ट स्लॅब' मिळालं होतं, अदलाबदल करायला ती तयार झाली नाही. मी चोवीस स्लाईड्स बनवल्या. क्योटो, पॅरिस, वितळणारा बर्फ, त्यावर ते बिचारं अस्वल, सगळं होतं. 'स्थानिक संदर्भ' हवाच, त्याला दोन मार्क असतात, म्हणून शेवटून दुसऱ्या स्लाईडवर एक ओळ टाकली : 'नंदुरबार जिल्हा, सरदार सरोवर, ३३ गावे बाधित.'

प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एकजण उठला. माझ्याच सर्व्हे ग्रुपमधला. तीन वर्षं मी लेव्हलमधून बघते आणि तो उन्हात स्टाफ धरून उभा राहतो. म्हणाला, "त्या ३३ मधलं एक गाव आमचं. बाधित म्हणजे नेमकं काय, आणि यात ग्लोबल काय आहे, ते सांगशील का?"

मला सांगता आलं नाही. वेळ संपल्याचं कोणीतरी म्हणालं, टाळ्या वाजल्या, मार्क बरे पडले. त्याला द्यायचं उत्तर मात्र राहिलं. ते इथे देते आहे, दोन महिने उशिरा.

पहिल्यांदा तो जड शब्द. गव्हर्नन्स म्हणजे कारभार, आणि गावाच्या कारभाराला निदान सरपंच तरी असतो. जगाला सरपंच नाही. एखाद्या देशातल्या प्रकल्पाने नदी, हवा किंवा माणसं यांचं नुकसान झालं, तर बाहेरच्या कोणाला 'थांबा' म्हणता येतं का? सरळ हुकूम देऊन तर नाहीच. पण प्रकल्पाला पैसा लागतो, यंत्रं लागतात, आणि ती अनेकदा बाहेरून येतात. पैसा देणाऱ्याने अट घातली, यंत्र विकणाऱ्याच्या देशाने हात आखडला, किंवा माल घेणाऱ्याने दाखला मागितला, की हुकूम न देताही कारभार चालतो. क्लायमेट असो, सप्लाय चेन असो, आज जगात बहुतेक नियम याच वाटेने येतात. आणि गंमत म्हणजे ही वाट ज्या जागी पहिल्यांदा नीट मळली, ती जागा आपल्या जिल्ह्यात आहे. (आपला जिल्हा देशाच्या इतिहासात एकदा २९ सप्टेंबर २०१० ला आला, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पहिला आधार नंबर दिला गेला तेव्हा. ते सगळ्यांना पाठ असतं. हे दुसरं कोणी सांगत नाही.)

मणिबेली. अक्कलकुवा तालुका, नर्मदेच्या काठी. धरणाच्या भिंतीकडून वर यायला लागलं की महाराष्ट्राचं पहिलं गाव. मी सांगते त्या वेळी आपला जिल्हा अजून धुळ्यातच होता, नंदुरबार वेगळं झालं १ जुलै १९९८ ला.

नर्मदेच्या पाण्याचा वाद सोडवायला १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा निकाल लागला १९७९ मध्ये. आपल्या हायड्रॉलॉजीच्या पुस्तकात 'पंचाहत्तर टक्के विश्वासार्हता' असा शब्द येतो, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी नदीत निदान इतकं पाणी असेलच. नर्मदेसाठी हा आकडा धरला २८ दशलक्ष एकर-फूट. त्यातले मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५० आणि महाराष्ट्राला ०.२५. मी हिशोब केला, आपला वाटा १०.८९ टीएमसी, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. विजेत मात्र आपल्याला २७ टक्के. पायथ्याचं वीजघर १२०० मेगावॅट, कालव्यावरचं २५०, मिळून १४५०, त्याचे २७ टक्के ३९१.५ मेगावॅट. माझे बाबा वीज कंपनीत तंत्रज्ञ आहेत. धडगाव-मोलगी भागात त्यांनी पावसाळ्यात खांब खांद्यावरून नेलेले आहेत. मी हा आकडा सांगितल्यावर ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "ज्यांच्या गावावरून ही वीज आली, त्यांच्याकडे मी बल्ब लावायला गेलो तेव्हा आकडा टाकायलाही तार नव्हती."

आता 'बाधित'. लवादाने विस्थापितांसाठी जे लिहिलं, ते त्या काळाच्या मानाने खरंच चांगलं होतं. ज्याची पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाईल त्याला जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर; सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा; आणि हे सगळं पाणी यायच्या आधी. पण जमीन कोणाची, हे ठरवायला सातबारा लागतो. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या कसत होती ती जमीन कागदावर जंगल खात्याची. कागदाच्या भाषेत ते अतिक्रमणवाले. म्हणजे घर बुडणार, शेत बुडणार, तरी बुडणाऱ्यांच्या यादीत नाव असेलच असं नाही. दुसरी भानगड टापूची. आपण कंटूर काढतो, त्या रेघेच्या खालचं ते बाधित आणि वरचं ते सुटलं. पण डोंगराळ भागात पाणी चढलं की मधली टेकडी बेट होते. शेत कोरडं राहतं, तिथे जायला मात्र होडी लागते. रेघ बरोबर असते, माणूस अडकलेला असतो. सर्व्हेइंगच्या तीन वर्षांत हे मला कोणी शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग यात ग्लोबल काय? जागतिक बँकेने १९८५ मध्ये या प्रकल्पाला ४५ कोटी डॉलर्स द्यायचं मान्य केलं. दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयाची सशर्त मंजुरी आली १९८७ मध्ये. तारखा परत वाचा. कर्ज आधी, पर्यावरणाचा कागद नंतर! विस्थापितांबद्दलचा बँकेचा स्वतःचा नियम १९८० पासून होता, आदिवासींबद्दलचा १९८२ पासून. नियम होते, पण ते बँकेच्या कपाटात होते. मणिबेलीच्या माणसाला ते माहीत नव्हते, आणि माहीत असते तरी ते मोडले म्हणून तक्रार करायची खिडकीच नव्हती. आपल्या इथूनच जवळ तापीवर उकाई धरण १९७२ ला पुरं झालं, त्याच्या पाण्यात नवापूरकडचीही गावं गेली. त्यांचं बाहेर कोणी विचारलं नाही. त्या अर्थाने मणिबेलीचं दुर्दैव आणि सुदैव एकच, की पैसा परदेशातून आला होता.

कारण आंदोलन पैशाच्या मागे मागे गेलं. मेधा पाटकर १९८९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीसमोर जाऊन बोलल्या, कारण बँकेत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेचा. टर्बाईन जपानहून यायची होती आणि त्यासाठी जपान सरकार कर्ज देत होतं. १९९० मध्ये जपानने पुढचा पैसा थांबवला. आज सप्लाय चेनच्या नावाने जे मोठमोठे कायदे येतात त्यांची मूळ कल्पना हीच आहे : नदीकाठच्या माणसाचा आवाज भिंत बांधणाऱ्यापर्यंत पोचत नसेल, तर टर्बाईनवाल्याला ऐकू जातो का बघा.

शेवटी बँकेने १९९१ मध्ये स्वतंत्र समिती नेमली. चालू प्रकल्पाची अशी बाहेरच्यांकडून तपासणी बँकेने त्याआधी कधी केलेली नव्हती. अध्यक्ष ब्रॅडफोर्ड मोर्स, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख; सोबत कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. ही माणसं खोऱ्यात आली, गावोगाव फिरली. जून १९९२ मध्ये अहवाल आला, साडेतीनशेच्या वर पानं. मी इंग्रजी माध्यमाची, तरी पुरा वाचायला पंधरा दिवस लागले. त्याचं सार इतकंच, की किती माणसं उठणार हेच नीट मोजलेलं नाही, पर्यावरणाचा अभ्यास अपुरा आहे, आणि आहे त्या परिस्थितीत सर्वांचं पुनर्वसन होणं शक्य नाही. बँकेने मागे सरावं. समिती बँकेनेच नेमली आणि ती बँकेलाच असं म्हणाली, हे मला फार आवडलं. आपल्याकडे इंटर्नल गाईडनी एक्स्टर्नलसमोर आपल्याच विद्यार्थ्याला चूक म्हटल्यासारखं.

बँक लगेच मागे सरली नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये संचालकांनी अमेरिका, जपान, जर्मनीचा विरोध असतानाही अटी घालून सहा महिने मुदत दिली. ती संपत आली तेव्हा, मार्च १९९३ मध्ये, भारत सरकारने उरलेलं १७ कोटी डॉलर्सचं कर्ज स्वतःच नाकारलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेने नवी गोष्ट काढली : इन्स्पेक्शन पॅनल.

हे पॅनल म्हणजे तीन माणसं. बँकेच्या पैशाने चालणाऱ्या प्रकल्पाने ज्यांचं नुकसान झालं किंवा होणार आहे, अशा दोन जणांनी जरी मिळून पत्र लिहिलं तरी चालतं. आपल्या भाषेत लिहिलं तरी चालतं. आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना सांगून पाहिलं असलं पाहिजे, एवढी अट. पॅनल सरकारला तपासत नाही, बँकेला तपासतं : तुम्ही तुमचेच नियम पाळले का? शिक्षा करण्याचा अधिकार त्याला नाही, फक्त खरं काय ते संचालकांच्या टेबलावर ठेवायचं. वाचताना वाटतं, यात काय दम आहे? पण १९९४ मध्ये पहिलीच तक्रार आली नेपाळच्या अरुण धरणाची, आणि १९९५ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली. आपल्या मुंबईचं उदाहरण तर अजून जवळचं आहे. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात कुर्ल्याच्या दुकानदारांची दुकानं जात होती. त्यांनी २००४ मध्ये पॅनलकडे धाव घेतली, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने त्या रस्त्याचे व पुनर्वसनाचे पैसे काही महिने अडवून धरले. कुर्ल्याच्या त्या दुकानदारांनी मणिबेलीचं नाव ऐकलं होतं की नाही कोण जाणे. खिडकी मात्र तिथलीच.

मणिबेलीला स्वतःला या खिडकीचा उपयोग झाला नाही. कर्जच संपलं होतं, मग तक्रार कशाची करणार? धरणाचं काम चालूच राहिलं. मणिबेलीच्या काठचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर १९९४ च्या पावसाळ्यात पाण्यात गेलं. त्याच वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जागतिक बँकेने मोठ्या धरणांचे पैसे थांबवावेत असं जाहीरनाम्यातून मागितलं, त्याचं नाव मणिबेली जाहीरनामा. गाव बुडतंय आणि नाव वर येतंय.

पुढचं जरा भराभर सांगते. १९९८ ला जागतिक धरण आयोग बसला, अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे कादर अस्माल, सदस्यांमध्ये मेधा पाटकरही होत्या आणि धरणं बांधणाऱ्या कंपनीचे लोकही. १६ नोव्हेंबर २००० ला लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या हस्ते अहवाल निघाला. जलाशयाखाली सडणाऱ्या झाडपाल्यातून मिथेनसारखे वायू निघतात, म्हणून जलविद्युत म्हणजे आपोआप स्वच्छ वीज नव्हे, हेही त्यात होतं. भारत सरकारने त्याच्या मार्गदर्शक सूचना नाकारल्या. पण २००४ मध्ये युरोपने कार्बन बाजाराचा कायदा दुरुस्त केला तेव्हा त्यात लिहिलं, की २० मेगावॅटपेक्षा मोठ्या जलविद्युत प्रकल्पाचे कार्बन क्रेडिट हवे असतील तर धरण आयोगाचे निकष सांभाळले पाहिजेत. म्हणजे नर्मदेच्या काठी सुरू झालेलं भांडण फिरत फिरत युरोपच्या हवामान कायद्यातल्या एका कलमात जाऊन बसलं. सेमिनारला क्योटोची स्लाईड मी दाखवली होती. ही तार मला तेव्हा दिसलीच नव्हती.

आता दुसरी बाजू, नाहीतर आईचे माहेरवाले मला दारात उभं करायचे नाहीत. तिचं माहेर गुजरातेत. तिथे सौराष्ट्र-कच्छमध्ये नळाला नर्मदेचं पाणी येतं, आणि ज्यांनी उन्हाळ्यात टँकरमागे धावून दिवस काढले त्यांना तुम्ही मिथेन शिकवायला जाऊ नका. ते पाणी खरं आहे. आई मला म्हणाली, "तुले काय करनं शे त्या धरणनं?" तिच्या प्रश्नातही दम आहे.

पण पैशाची गोष्ट बघा. बँक गेल्यावर धरणाच्या निगमने १९९३ मध्ये लोकांकडूनच पैसे उभे केले, डीप डिस्काउंट बाँड. आज ३६०० रुपये द्या, वीस वर्षांनी १,११,००० घ्या. मी कॅल्क्युलेटरवर काढलं, वर्षाला १८.७ टक्के चक्रवाढ! (निगमने पुढे २००९ मध्येच मुदतीआधी ते फेडून टाकले, ती वेगळी कटकट.) बँकेने घालायच्या त्या अटी त्या कागदावर कुठून असणार? बाँड घेणाऱ्याला आपल्या पैशांबद्दल विचारायचा हक्क होता. पाण्यात जाणाऱ्या घराला त्याच्याकडे काही मागायची सोय नव्हती. पैशाच्या वाटेने येणाऱ्या जागतिक कारभाराची कमजोरी मला इथे कळली. पैसा रस्ता बदलतो, आणि अटी जुन्याच रस्त्यावर उभ्या राहतात. हे आजही चालू आहे. कच्छमधल्या मुंद्र्याच्या कोळसा वीज प्रकल्पाला जागतिक बँक गटातल्याच संस्थेने २००८ मध्ये कर्ज दिलं, योगायोगाने पुन्हा ४५ कोटी डॉलर्स. तिथले मच्छीमार थेट अमेरिकेच्या कोर्टात गेले. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की अशा आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही. मोठा निकाल. पण पुढे खालच्या कोर्टात मच्छीमारांची केस टिकली नाही, आणि २०२२ मध्ये ती संपली.

इकडे आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ ऑक्टोबर २००० ला आला : धरण होऊ द्या, पण उंची वाढेल तसतसं आधी पुनर्वसन झालं पाहिजे. २००४ मध्ये उंची ११०.६४ मीटर, २००६ मध्ये १२१.९२. दरवाजे लागून १७ सप्टेंबर २०१७ ला लोकार्पण, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं.

या सगळ्या तारखा पाठ झाल्यावर मी माझ्या त्या सर्व्हे-पार्टनरला म्हटलं, आता विचार. तो म्हणाला, "मला कशाला, आजोबांना सांग." म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तळोद्याकडच्या त्यांच्या वसाहतीत गेलो. तळोद्याचं जंगल तोडून पुनर्वसनाला दिलं, त्यातली ही एक. सरळ रस्ते, सारखे प्लॉट, आणि ओट्यावर बसलेले आजोबा. ते २००६ च्या पावसाळ्याआधी उतरले. त्यांना पावरी येते, मला येत नाही, तो मधे बसून सांगत होता.

मी मोर्स साहेबांचं सांगितलं, पॅनलचं सांगितलं. दोन माणसांच्या पत्रावर बँक पैसे अडवते, हे ऐकून ते हसले. मग म्हणाले, लेव्हलवाले आमच्याकडे आले होते तेव्हा दगड रोवून गेले, आम्ही विचारलं हे काय, ते म्हणाले पाणी इथवर येईल. आम्हाला वाटलं, नदी काय त्यांना सांगून येते? आली. बरोबर त्या दगडाला आली.

मग त्यांनी मला विचारलं, तू पण तेच शिकतेस ना, तर सांग, माझं घर आता किती खाली आहे?

मी बॅगेतून टोपोशीट काढली. एकास पन्नास हजार, कंटूर वीस-वीस मीटरवर. त्यांनी नाल्याचं वळण सांगितलं, देवाच्या झाडाची जागा सांगितली, आणि आम्ही बोट सरकवत सरकवत १०० आणि १२० च्या रेघांच्या मधे येऊन थांबलो. धरण पूर्ण भरलं असेल तर घरावर पाणी १८.६८ ते ३८.६८ मीटर. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, एवढा फरक कसा? म्हटलं, आजोबा, दोन रेघांच्या मधलं या नकाशात नाही.

त्यांनी नकाशा हातात घेतला, उलटा धरला, मग नातवाने सरळ करून दिला. नखाने एक जागा दाबून ते म्हणाले, इथे मोह होता, घर मोहाच्या चार हात वर, लिहून घे. माझ्याकडे पेन्सिल नव्हती. नातू घरात शोधायला गेला आणि ते नख तिथेच धरून बसले.